सुई राहू द्या

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. एसटीत कंडक्टर होऊन सोळा वर्षं झाली. फुलंब्री, सिल्लोड, पार फर्दापूरपर्यंत माझ्या तोंडाला भिणारी माणसं प्रत्येक स्टॉपवर उभी असतात. दारात लोंबकळणारी कॉलेजची पोरं, बायांच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन पडणारे गडी, पाचशेची नोट पुढं करून "सुट्टे नाहीत" म्हणणारे शहाणे, सगळ्यांचा मी पाणउतारा केलेला आहे. माझ्या मायला याचा लई अभिमान. विहारात बायांना सांगायची, "माझ्या लेकीच्या तोंडाला फौजदारबी भितो." फौजदाराशी माझा कधी संबंध आला नाही, पण मीही तिला खोटं पाडलं नाही.

माय फुलंब्रीला एकटी राहायची. मी नवऱ्याबरोबर उस्मानपुऱ्यात. कितीदा म्हणले, ये इकडं, तर म्हणायची, "तुमच्या त्या दोन खोल्यांत मला पाय पसरायला जागा नाय." खरं कारण वेगळं होतं. तिला तिचं विहार सोडायचं नव्हतं, आणि गावातली निम्मी पोरं तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. शाळेत बावीस वर्षं खिचडी शिजवली तिनं. बाजाराला निघाली की मिशीवाले बाप्ये रस्त्यात थांबून "खिचडीवाली माय, जयभीम" म्हणायचे. उस्मानपुऱ्यात तिला कोण ओळखणार होतं?

दोन वर्षांपूर्वी तिचे पाय सुजले. मग पोट फुगायला लागलं. बाया म्हणाल्या गॅस, कुणी म्हणालं वारं धरलं. मी तिला शहरात आणून सोनोग्राफी केली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर सिरोसिस. लिव्हर आकसून कडक झालंय, पोटात पाणी भरतंय. कशानं झालं, तर रक्तात जुनी कावीळ होती, बी नावाची. वर्षानुवर्षं गुपचूप आत बसून तिनं लिव्हर खाल्लं. ती आली कुठून, हे आता सांगता येत नाही म्हणाले. पूर्वी एकाच सुईनं सगळ्या लायनीला टोचायचे, तेव्हाही आली असेल. मी म्हणले, म्हणजे सरकारी सुई टोचून घेतली हाच तिचा गुन्हा का? डॉक्टरांनी फाइल मिटली. मीठ बंद करा म्हणाले.

पण लोकांना कावीळ नको होती. लोकांना दारू पाहिजे होती.

लिव्हर म्हणलं की समोरच्याचे डोळे बारीक व्हायचे, मग आवाज खाली यायचा. "पित होत्या का?" रिक्षावाल्यानं विचारलं. औषधाच्या दुकानातल्यानं विचारलं. भावकीतली एक बाई तर तोंडाला पदर लावून म्हणाली, "बाईमाणसाला लिव्हर? काय लपवायलीस गं?" मी तिला म्हणले, "तुझ्या घरात तीन जण रोज गटारीत लोळतात, त्यांची लिव्हरं बघून घे आधी." ती वर्षभर बोलली नाही. बरं झालं. माझी माय प्रत्येक पौर्णिमेला पांढरी साडी नेसून पंचशील घेणारी. दारूला न शिवण्याचं पाचवं शील आलं की तिचा आवाज इतर बायांपेक्षा एक पट्टी वर जायचा, कारण माझ्या बापाला दारूनंच नेलेलं. खोकल्याच्या औषधात दारू असते असं कुणीतरी तिला सांगितलं, तर अख्खा हिवाळा खोकून काढला तिनं, पण चमचाभर औषध घेतलं नाही. अशा बाईला जो येईल तो विचारायचा, पिते का. माझं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

आता सुईचं सांगते.

माझ्या गाडीत रोज दोन-तीन तरी पेशंट असे असतात, ज्यांच्या हातात सलाईनची सुई तशीच असते. खेड्यातनं येतात, दवाखान्यात बाटली लावतात, बाटली संपली की घरी जातात. उद्या परत यायचंय, परवा परत यायचंय, मग सुई कशाला काढायची? वरून चिकटपट्टी मारायची, टोपण लावायचं, चाललं घरी. त्याच हातानं दांडा धरतात, त्याच हातानं पैसे देतात. कुणी शेंगा फोडून खातं. मी अशा माणसाला खिडकीची सीट द्यायचे. बसलेल्याला उठवून द्यायचे. "दिसत नाय का, सुई हाय हातात? उठ!" आणि मला वाटायचं, आपण पुण्याचं काम केलं. सुई काढा असं मी सोळा वर्षांत एकालाही म्हणले नाही. कुणीच म्हणत नाही. उलट सुई ठेवून घेणारा दवाखाना चांगला, दर वेळी नव्यानं टोचणारा वाईट, असं आमच्याकडं सगळे धरून चालतात.

मायचं खाणं कमी झालं गेल्या उन्हाळ्यात. अळणी जेवण तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. अशक्तपणा आला, चक्कर यायला लागली. स्टँडसमोर एक दवाखाना आहे, तिथं ती सोमवारी स्वतः चालत गेली आणि म्हणाली, ताकदीची बाटली लावा. डॉक्टरला तिचा आजार माहीत होता. फाइल दाखवलेली होती. तरी त्यानं बाटली लावली. का? तर नाही म्हणलं तर पेशंट समोरच्याकडं जातो. आणि खरं सांगायचं तर माझ्या मायलाही बाटली लावल्याशिवाय इलाज झाल्यासारखं वाटायचं नाही. शीर सापडायला चार वेळा टोचलं. या आजारात हात सुजलेला, शिरा बारीक, सुई जरा हलली की निळं-जांभळं होतं. फोनवर ती मला म्हणाली, "चाळणी केली गं हाताची." ते ऐकून मी चालत्या गाडीत फोनवरच कंपाउंडरच्या नावानं शिव्या घातल्या.

मंगळवारी बाटली, बुधवारी बाटली. बुधवारी माझी गाडी फुलंब्री स्टँडला लागली तेव्हा मी ड्रायव्हरला दहा मिनिटं मागून घेतली आणि पळत दवाखान्यात जाऊन आले. तिथं काय झालं ते पुढं सांगते. आत्ता सांगायला जीभ उचलत नाही. एवढंच सांगते की मी परत गाडीत चढले तेव्हा मायच्या हातात सुई होती, आणि त्यावर माझा रुमाल बांधलेला होता, धूळ लागू नये म्हणून. तो रुमाल मी सकाळपासून घाम पुसायला वापरत होते.

शुक्रवारी त्याच सुईतनं अजून एक बाटली झाली. या चार-पाच दिवसांत माय त्या हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून अंघोळ करत होती, भांडी घासत होती, भाकरी थापत होती. हात लाल झालेला तिला दिसत होता. तिनं पदराखाली झाकला. लेक ड्युटीवर आहे, कशाला त्रास द्यायचा.

रविवारी सकाळी शेजारणीचा फोन आला. "तुझी माय बरळायली. तोल जायलाय तिचा. काल सांजच्यापासनं हुडहुडी भरलेली." मग आवाज खाली आणून, "कुणी काही पाजलं का गं तिला?"

तिला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मिळेल त्या गाडीनं गेले. माय उंबऱ्यात बसलेली, अंग तापलेलं, ओठ कोरडे. मला ओळखलं नाही तिनं. हातात नसलेला डाव धरून ती हवेत खिचडी वाढत होती. "ताट पुढं कर. रांगेत राहा रे. तू दोनदा घेतलीस." मी म्हणले, माय, मी आहे. तर म्हणाली, "तू कोणत्या वर्गातली?" शेजारीपाजारी जमले होते. एकाच्या तोंडावर हसू होतं, माझ्याकडं बघून त्यानं ते गिळलं. मी एक काळी-पिवळी केली, मायला मांडीवर घेतलं आणि शहरात आणलं.

कोणता दवाखाना ते सांगत नाही. मोठा आहे, गर्दी असते. कागद भरणाऱ्यानं वर न बघता विचारलं, "पेशंट ड्रिंक करतात?"

"नाही."

"आधी करायच्या?"

"नाही."

"खरं सांगा. लपवलं तर इलाजात फरक पडतो."

आणि त्यानं कागदावर प्रश्नचिन्ह काढलं. माझ्या मायच्या नावापुढं प्रश्नचिन्ह. मी त्या खिडकीवर हात आपटून म्हणले, "ते खोड. आत्ता खोड. तिचं रक्त तपास, लघवी तपास, थेंब सापडला तर मला इथं उलटी टांग. नाय सापडला तर तुझं काय करू ते सांग." अख्खा व्हरांडा बघायला लागला. त्यानं खोडलं. स्ट्रेचरही आलं, आणि पाच मिनिटांत वॉर्डात जागा झाली. तोंड वापरलं की कामं होतात, हे मी जन्मभर बघत आले. त्या दिवशीही झालं.

वॉर्डातली डॉक्टर तरुण पोरगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं दारूचं विचारलं नाही. तिनं मायचा हात उचलला, माझा रुमाल सोडला, चिकटपट्टी काढली. सुईच्या तोंडाशी पिवळा पू होता. तिथनं कोपरापर्यंत लाल दोरी ओढल्यासारखी शीर उठलेली.

"ही सुई किती दिवसांची आहे?"

"सोमवारची."

"आज रविवार, ताई."

"व्हय."

"कुणी काढली नाही?"

"काढायचं काम त्यांचं," मी म्हणले. "त्यांनी काढली नाही. फुलंब्रीच्या दवाखान्यात असलेच हलकट भरलेत."

किती सफाईनं बोलले मी! तिकीट फाडल्यासारखं.

तिनं सुई काढली. औषध सुरू करायच्या आधी दुसऱ्या हातातनं आणि पायातनं रक्त घेतलं, वेगवेगळ्या बाटल्यांत भरलं. मी विचारलं, एवढं रक्त कशाला? ती म्हणाली, हे उबेला ठेवायचं आणि बघायचं काय वाढतं. विरजण लावतो तसं, असं मी मनात धरलं. मग तिनं उभ्या उभ्या समजावलं. लिव्हर चांगलं असलं की रक्तात शिरलेले जंतू तिथं गाळले जातात. तुमच्या आईचं लिव्हर आता गाळत नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात ही सुई असती तर बहुतेक हात सुजून भागलं असतं. यांच्या मात्र सगळ्या अंगात पसरलंय, म्हणून त्या बरळतायत, म्हणून बीपी खाली आलाय. पुढचे चार दिवस अवघड आहेत. किडनी टिकली पाहिजे.

ती हे सांगत होती आणि मी तिच्या हातातल्या ट्रेकडं बघत होते. ट्रेमध्ये ती सुई होती. एवढीशी, प्लास्टिकची, टोकाला रक्त वाळलेलं.

मंगळवारी रिपोर्ट आला. सगळ्या बाटल्यांत एकच जंतू, आपल्या कातडीवर असतो तो. सुईच्या वाटेनं आत गेला, डॉक्टरनं सांगितलं. मी नवऱ्याला मायजवळ बसवलं आणि बस पकडून फुलंब्रीला गेले. दवाखान्यात पंधरा-वीस पेशंट बाकावर होते. मला तेच पाहिजे होतं.

कंपाउंडर ट्रे घेऊन उभा होता. पन्नाशी उलटलेला माणूस, पांढरी मिशी, वीस वर्षं त्याच दवाखान्यात. मी त्याला अरे-तुरे केलं. म्हणले, "तुझ्या हातानं माझी माय मरायली. सात दिवस सुई ठेवलीस. तुला कुणी शिकवलं रे? जनावराला तरी ठेवतो का कुणी?" डॉक्टर आतनं आला, शांत व्हा ताई, शांत व्हा. मी त्यालाही धुतला. पेशंट बायांना म्हणले, काढा गं सुया हातातल्या, हे कसाई आहेत. दोन बाया खरंच उठून गेल्या.

कंपाउंडरनं ऐकून घेतलं. माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. ट्रेमधली कात्री त्यानं सरळ करून ठेवली. तो एक वाक्य बोलला असता तर मी तिथंच गप्प झाले असते. ते वाक्य कोणतं, हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. तो बोलला नाही. मी बाहेर आले, रसवंतीवर पाणी प्यायले आणि स्वतःलाच म्हणले, बरी जिरवली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कंपाउंडरनं खिचडीवाल्या मायला मरायला टेकवलं.

बुधवारी माय शुद्धीवर आली.

पोटातलं विष बाहेर काढणाऱ्या जुलाबाच्या गोड औषधानं आणि जंतूंच्या इंजेक्शनानं तिचं डोकं साफ झालं. सकाळी मला बघून म्हणाली, "आंघोळ नाय केलीस का गं?" मी इतकी हसले की बाजूच्या बेडवरची म्हातारी दचकली. चहा मागितला. अर्धा कप प्यायली. मी तिथल्या मावशीला, वॉचमनला, ज्याला त्याला सांगत सुटले, माय बोलायली, माय बोलायली.

डॉक्टर राउंडला आली. "आजी, मी कोण?"

"डागदरीण."

"हात दुखतो का?"

"दुखतोय. पण आता टोचू नको बाई," माय म्हणाली. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे विहारात बायांसमोर यायचं. बाजूच्या म्हातारीला ऐकू जावं म्हणून आवाज चढवला. "त्या तिकडं चार-चार डाव टोचत्यात मेले. मागच्या बुधवारी कंपाउंडर सुई काढायलाच बसला व्हता. म्हणला, तीन दिस झाले माय, आता दुसऱ्या हाताला नवीन लावू. तेवढ्यात माझी लेक आली, एसटी थांबवून! असं झापलं त्याला, असं झापलं! म्हणली, राहू द्या सुई. माझ्या मायला परत टोचलंत तर याद राखा. त्यानं गुमान पट्टी लावली परत. मग नाय टोचलं कुणी मला." तिनं सुजलेला हात उचलून माझ्या हातावर ठेवला. "पोटचा पोरगाबी करत नाय एवढं."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या बेडकडं गेली. ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता लिहिते त्या मागच्या बुधवारचं. मी दवाखान्यात घुसले तेव्हा कंपाउंडर स्टुलावर बसून चिकटपट्टी उचकटत होता. मायनं डोळे मिटलेले, ओठ दाबलेले. बोटांवर आधीच्या टोचण्याचे निळे डाग. मला गाडीची घाई, वरून ऊन, वरून ते डाग. तो म्हणाला, "ताई, तीन दिवस झाले, काढावीच लागती. ह्यांना लिव्हर हाय, ह्यांना जास्त ठेवू नये." हे तो बोलला. शब्दांत बोलला. आणि मी काय म्हणले? "तुला काय कळतंय रे लिव्हरातलं? कंपाउंडर हायेस, कंपाउंडरसारखा राहा. उद्या-परवा परत बाटली लावशील, परत चार ठिकाणी भोकं पाडशील. राहू दे सुई." त्यानं एकदा डॉक्टरच्या खुर्चीकडं बघितलं. खुर्ची रिकामी होती. मग त्यानं नवी पट्टी काढली आणि लावली. रुमाल मी बांधला.

माय शुद्धीवर आली त्या सबंध बुधवारी मी तिला ते सांगणार होते. ती जागी होती, ऐकत होती, तिला कळत होतं. दुपारी मी म्हणले, "माय, ती सुई..." ती म्हणाली, "आता नाय ना गं टोचणार?" मी म्हणले, नाही. तिनं डोळे मिटले. माझी हिंमत तेवढीच होती. चालत्या गाडीत गुंडाची कॉलर धरणारी बाई मी!

गुरुवारपासून लघवी थांबली. मायला परत झापड यायला लागली. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं, किडनी साथ देत नाहीये. मी तिच्यावर ओरडले. इंजेक्शन बदला, मोठ्या डॉक्टरला बोलवा, काहीतरी करा, नुसतं उभं राहू नका. बाकीचे पेशंट, नातेवाईक बघत होते. ती पोरगी उभी राहिली, ऐकून घेतलं. मोठे डॉक्टरही येऊन गेले. इंजेक्शनही बदललं. त्या दिवशी तोंडाचा काही उपयोग झाला नाही. शुक्रवारी दुपारी, नवरा खालनं डबा घेऊन येईपर्यंत माय गेली. शेवटचं स्पष्ट बोलली ते गुरुवारी सकाळी, की विहारातली तिची सतरंजी कुणी उचलू नये.

फुलंब्रीला अंत्यविधी झाला. पोरं, बाप्ये, किती माणसं आली, सगळे तिच्या खिचडीवर वाढलेले. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच. कंपाउंडरनं मारलं. दवाखान्यात गर्दी कमी झाली म्हणे. त्याच्या बायकोला नळावर कुणीतरी बोललं म्हणे. मी ऐकत होते. आठ दिवस मी ऐकत होते आणि गप्प होते. माझ्यासारख्या बाईला गप्प बसता येतं, हे मला तेव्हा कळलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात होता. बाया पांढऱ्या साड्यांत, पुढं मायचा फोटो, मेणबत्त्या. वंदना झाली. दोघं-तिघं बोलले. तेवढ्यात मागं गलका झाला. कंपाउंडर आला होता. चपलांपाशी उभा, हातात चार पांढरी फुलं. माझा एक चुलतभाऊ उठला, "ह्याला कुणी येऊ दिलं? निघ इथनं." दुसऱ्यानं त्याच्या दंडाला धरलं. तो धरू देत होता. फुलं तेवढी वर धरली होती, चुरगळू नयेत म्हणून.

मी उठले.

"सोडा त्याला," मी म्हणले. "तो सुई काढत होता. मी काढू दिली नाही. तो म्हणाला होता काढावी लागते, मी त्याला झापला. रुमालही माझाच होता."

दंड धरलेल्यानं हात सोडला. मग शेजारीण, तीच ती फोनवाली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे गं. तू काय वाईट केलंस? मायेपोटीच केलंस." सगळ्या बाया माना हलवायला लागल्या. मायेपोटी, मायेपोटी. एवढी आग माझ्या डोक्यात त्या दारूचं विचारणाऱ्यांनीही लावली नव्हती. दोन मिनिटांपूर्वी तो खुनी होता आणि मी बोलल्याबरोबर कुणीच खुनी नाही? मायेचं पांघरूण घातलं की झालं? मी तिचा हात झटकला. ओरडणार होते, पण समोर मायचा फोटो होता.

कार्यक्रम संपल्यावर चहा झाला. लोक पांगले. तो भिंतीपाशी उभा राहून चहा पीत होता. मी त्याच्याकडं गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अहो म्हणले.

"त्या दिवशी मी दवाखान्यात एवढं बोलले. तुम्ही सांगितलं का नाही सगळ्यांसमोर?"

"तुमची माय तिकडं जिती व्हती," तो म्हणाला. "गावात झालं असतं, मंग तिच्यापर्यंत गेलं असतं, की लेकीमुळं झालं."

मी म्हणले, "पण बुधवारी? तुम्हाला माहीत होतं ना, ठेवायची नसते. मी गेल्यावर तरी काढायची."

त्यानं कप खाली ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

"काढणारच व्हतो, ताई. तुमची एसटी गेल्यावर दोनदा हात घातला. तुमच्या मायनंच धरला माझा हात. म्हणली, राहू दे रे बाबा, माझ्या लेकीला कळलं तर तुझी खैर नाय." तो चपलांकडं वळला. "मंग भ्यालो मी. तुमच्या तोंडाला भ्यालो."

त्यानं चपला घातल्या आणि गेला. मी त्याचा कप उचलला, बाकीचे कप गोळा केले आणि विहाराच्या नळाखाली धुवायला बसले.